मोगऱ्याला पाणी कोण घालतं?

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे अंक वाचून फोन नकोत. पौषात मोगऱ्याला पाणी घालायचं नाही. "अगदी तांब्याभर घातलं तर?" नाही. "पण सुमनताई, बिचारं वाळलंय हो!" वाळू दे. ते मरत नाही, झोपतंय. तुम्हाला रात्री दोन वाजता उठवून कुणी सरबत पाजलं तर चालेल का? मग त्याला कशाला पाजता?

अठ्ठावीस वर्षं मी हे बोलतेय. वडप्याच्या आतल्या अंगाला माझं गाव. तिथून मानकोलीपर्यंतचे बंगले, हमरस्त्यालगतच्या गोदामांच्या बागा आणि भिवंडीत दोन-तीन लूमवाल्या सेठ लोकांची अंगणं, एवढा माझा इलाखा. लोकांना वाटतं माळीकाम म्हणजे रोप लावणं. लावायला काय, लहान मूलही लावतं. माझं खरं काम वेगळंच असतं. पाऊस सरला की कापायचं, दाटी झालेले गड्डे फोडून वेगळे लावायचे आणि थंडीत ज्याला झोपायचंय त्याला गुमान झोपू द्यायचं. ह्या तिन्ही कामांत झाड दिसायला वाईट दिसतं. आणि झाड वाईट दिसलं की मालकाचा जीव कासावीस होतो, आणि मग तो काहीतरी करतो. जे काही करतो ते चुकीचंच करतो.

आमच्या एका सेठजींच्या अंगणात चाळीस गुलाब आहेत. दसरा झाला की मी ते मांडीएवढे छाटते. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा धरायचा, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, आतली गचपण काढून टाकायची. पहिल्या वर्षी सेठजी बाहेर आले आणि डोक्याला हात लावून पायरीवरच बसले. "बाजी, ये आपने क्या क़त्ल-ए-आम कर दिया!" पुढचा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग फुलं आली, बशीएवढी. तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की बाजारातून नवीन खत आणलं होतं, त्याची कमाल आहे. मी तिथंच कुदळ घेऊन उभी!

एक बाई तर अशा की निशिगंधाला फूल येत नाही म्हणून वर्षभर माझं डोकं खाल्लं. बघते तर एका कुंडीत तीसेक कंद, एकमेकांच्या उरावर बसलेले. म्हटलं, उपटून वेगळे लावू, दोन-तीन वर्षांनी लावावेच लागतात. बाई एकदम रडवेल्या झाल्या. त्यांच्या घरात त्याच वर्षी तिघे भाऊ वेगळे झाले होते. म्हणाल्या, "घर तर फुटलंच, झाड तरी एकत्र राहू दे." कुंडी अजून तशीच आहे, आणि फूल नाही म्हणून तक्रारही अजून तशीच आहे.

फुटबॉल लिलीचं तर विचारूच नका. मेच्या सुमारास लालभडक चेंडूसारखं फूल येतं, थंडीत पान पार नाहीसं होतं आणि कांदा मातीत झोपतो. त्या कुंड्या मी आडव्या करून सावलीत ठेवते. एका गोदामाच्या कॅन्टीनमागे अशा वीस कुंड्या ठेवल्या होत्या. मोठे साहेब येणार म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने सगळी माती कचऱ्यात ओतवली आणि कुंड्यांत प्लास्टिकची फुलं खोचली. मी अर्धा दिवस उकिरडा उपसला तेव्हा अकरा कांदे हाती लागले. "मॅडम, खाली कुंड्या होत्या ना त्या," म्हणतो. खाली म्हणे, रिकाम्या!

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, नेतेही. पण एक गोष्ट नेता येत नाही. माझ्या तोंडामुळे एका माणसाची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर बायको-मुलीसकट राहत होता ती खोलीही गेली. ती मोगऱ्याचीच गोष्ट. दोन वर्षं झाली, पुरती अशी कुणाला सांगितली नव्हती.

मानकोलीला भोईरदादांचा बंगला आहे. रस्त्यालगतचं शेत गोदामाला गेलं, तेव्हा शेताच्या बांधावरचा मोगरा त्यांनी मातीच्या गड्ड्यासकट जेसीबीने उचलून बंगल्यामागे आणून लावला. अठरा झाडं, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून ते पार कुंपणापर्यंत एका ओळीत. त्यांच्या घरात रीत अशी की मुलीच्या हळदीला वेणी बांधावरच्याच मोगऱ्याची. दादांच्या बहिणींच्या हळदीला तशीच झाली. आता बांध राहिला नाही, पण झाडं तीच होती. वैशाखात धाकट्या लेकीची, प्रणालीची हळद ठरली, आणि दादांनी मला दत्तजयंतीलाच बोलावून घेतलं.

"सुमन, वेनी घरच्या मोगऱ्याची पायजे. मी व्याह्यांना सांगून बसलोय."

म्हटलं, मिळेल. पण आजपासून पाणी बंद. मोगऱ्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे महिना-दीड महिना तहानेलं ठेवायचं. उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची, झाड गुडघ्याएवढं छाटायचं. मग माघात शेणखत घालून पहिलं पाणी पाजलं, की ते भुकेल्यासारखं उठतं आणि कळ्यांनी लगडतं. झोपेत पाणी मिळालं तर नुसता पाला येतो, गाईला घालायच्या लायकीचा. हे सगळं मी घरातल्या प्रत्येकाला समोर उभं करून सांगितलं. दादांना, मंदावहिनींना, प्रणालीला, ड्रायव्हरला आणि वॉचमन लालमनला.

लालमन जौनपूरकडचा. एजन्सीतून आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. गेटाला लागून एक खोली होती, ती त्याला मिळाली होती. त्या खोलीसाठीच तो दहा वर्षं एकटा राहून मग बायकोला आणि मुलीला गावाहून घेऊन आला होता. मुलगी जवळच्या शाळेत सातवीत. नोकरी आहे तोवर खोली, असा सरळ हिशेब. हे मला माहीत होतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आठ दिवसांनी गेले तर स्वयंपाकघराकडची सात-आठ झाडं ओली. बोट घातलं तर मातीत गारवा. मी घर डोक्यावर घेतलं.

"वहिनी, पाणी कुणी घातलं?"

"मी? आई एकवीरेची शप्पथ गो, थेंब न्हाय घातला."

एकवीरेची शपथ खाल्ल्यावर त्या घरात पुढे विचारायचं नसतं. प्रणाली दिवसभर फोनवर आणि शॉपिंगमध्ये, ती कशाला पाणी घालेल? ड्रायव्हर म्हणाला, मला मोगरा कुठला हेच ठाऊक नाही, आणि ते खरंच वाटलं. लालमन म्हणाला, "नहीं चाची." एवढंच.

पुढचा आठवडा मी रोज गेले. माझी इतर कामं टाकून, स्वतःच्या खर्चाने शेअर रिक्षा करून. माती रोज ओली. फक्त मंगळवारी सकाळी गेले तेव्हा वरचा थर कोरडा होता, म्हणजे सोमवारी कुणी पाणी घातलं नव्हतं. आणि लालमनची सुट्टी कधी? सोमवारी! बरं, ओली झाडं तेवढीच का? तर मागच्या मोरीच्या नळाचा पाइप तेवढाच पुरतो. आणि त्या पाइपने रोज सकाळी गाड्या कोण धुतं? लालमन. मला वाटलं, वा सुमनबाई, पोलिसात जायला हवं होतं तुम्ही.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांसमोर बोलले. दादा ओट्यावर पेपर वाचत होते, वहिनी दारात, लालमन हातात फडका घेऊन गाडीजवळ. त्याची बायको आणि मुलगी आवाज ऐकून खोलीच्या उंबऱ्यात आल्या.

"लालमन, पानी तू ही डालता है."

"नहीं चाची, हम नहीं डालते."

"तर काय आभाळातून पडतं? सोमवारी तू नसतोस तर सोमवारीच कसं पडत नाही? झूठ मत बोल!"

त्याने एकदा वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला ती कबुलीच वाटली. दादा आधीच चिडलेले. पत्रिका छापून झालेल्या, मंडपवाला उलटसुलट बोलत होता, आणि घराची शोभा म्हणून मागे अठरा मरगळलेली झाडं उभी. त्यांनी तिथूनच एजन्सीला फोन लावला, दुसरा माणूस पाठवा म्हणून. तेव्हा लालमनची बायको पुढे आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बिटिया का इम्तिहान हो जाने दीजिए भैयाजी, फिर चले जाएँगे."

दादा तसे वाईट नाहीत. ते थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करू गं सुमन? ऱ्हाऊ दे काय मार्चपर्यंत?"

आणि मी म्हणाले, "तुमचं घर, तुमचा विचार. पण मग मोगऱ्याची गॅरंटी माझ्याकडे मागू नका."

हेच शब्द. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. मी तोवर दुसऱ्या बंगल्यावर कर्दळीचे गड्डे फोडत होते आणि तिथल्या बाईंना रंगवून सांगत होते, चोर कसा पकडला ते.

चार दिवसांनी रविवारी गेले. नवीन वॉचमन गेटावर. मागे जाऊन बोट घातलं, तर माती ओली! खाली वाकून बघते तर मातीवर काहीतरी चमकतंय. उचललं, तर खवलं. मासळीचं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मंदावहिनी हातात भलंमोठं टोप घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोर त्यांनी ते पहिल्या सात-आठ झाडांच्या बुडात सारखं वाटून ओतलं, अगदी मायेने. मागोमाग दोन मांजरं.

"वहिनी! पाणी!"

"कुठला पानी?" वहिनी खरोखर गोंधळल्या. "अगो, म्हावऱ्याचं धुवन हाय ते. आज पापलेट हायत, पावनं येनार."

"धुवण म्हणजे पाणीच ना, वहिनी!"

"असा कसा? पानी येगळा न् धुवन येगळा. बांधावर होता तवापासून ह्याच्यावर म्हावऱ्याचं धुवन परतंय. ते तर खत हाय, खत!"

आता सांगा, कुणाला दोष देऊ? बाईने एकवीरेची शपथ खोटी खाल्लीच नव्हती. आमच्या ह्या भागात मासे धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, कुणी मोरीत ओतत नाही. ते झाडाला जातं. त्याला पाणी घालणं असं कुणीच म्हणत नाही. मी स्वतः घरी कढीपत्त्याला तेच घालते! माझी आई घालायची, मी घालते, माझी सून घालते. आणि सोमवार? सोमवारी शंकराचा वार, त्या घरात तेवढ्या एकाच दिवशी म्हावरं शिजत नाही. हे मला, ह्याच मातीत वाढलेल्या बाईला, आठवू नये? लालमनची सुट्टी तेवढी आठवली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मी तशीच दादांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते आधी हसले, पोट धरून. मग म्हणाले, "तू पन ना सुमन!" म्हटलं, दादा, लालमनला परत बोलवा. तर म्हणाले, "आता त्याला कुठं शोधू? एजन्सीनं दुसरीकडं टाकला असंल. हा नवीन पन बरा हाय. जाऊ दे गो, वॉचमन काय, मिलतात." आणि मी जाऊ दिलं. एजन्सीचा नंबर मागून घेता आला असता. एक फोन करायला काय लागतं? पण माझं लक्ष मोगऱ्यात. ताणाचे अठरा-वीस दिवस फुकट गेले होते, ते भरून कसे काढायचे ह्याचीच मला रात्रंदिवस काळजी. वहिनींचं टोप नारळाकडे वळवलं, मुळांजवळची माती उकरून उन्हाला उघडी टाकली, छाटणी पुढे ढकलली. माणसाचे गेलेले दिवस भरून काढायचे असतात, हे काही डोक्यात आलं नाही.

वैशाखात मोगरा फुलला. स्वयंपाकघराकडच्या झाडांना पालाच जास्त, पण पलीकडच्या दहा झाडांनी लाज राखली. वेणी घरच्याच फुलांची झाली, पाहुण्यांचे गजरे तेवढे कल्याणहून आणले. धवलारीण लग्नाची गाणी गात होती, प्रणाली हळदीत पिवळीधमक, आणि दादा मला हाताला धरून व्याह्यांसमोर घेऊन गेले. "ही आमची सुमन. हिच्यामुलं वेनी झाली. हिनं चोर पन पकडला व्हता!" आणि तीच गोष्ट, पोट धरून. सगळे हसले. मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. जेवले नाही, पोट बरं नाही सांगून निघाले.

त्यानंतर महिन्याभराने वडप्याच्या एका मोठ्या गोदामात कुंड्यांचं नवीन काम मिळालं. पहिल्या दिवशी गेटावर रजिस्टरात नाव लिहायला थांबले, तर रजिस्टर पुढे करणारा हात लालमनचा. बारा तासांची उभ्याची ड्युटी, अंगात एजन्सीचा निळा शर्ट, चेहरा उतरलेला.

"चाची, आप?"

मला वाटलं होतं तोंड फिरवेल. त्याने खुर्ची दिली. गेटावर एकच खुर्ची होती. मी बसले नाही. विचारलं, बायको-मुलगी कुठे आहेत? गावी पाठवलं म्हणाला. इथे सहा माणसांत एक खोली आहे, तिथे बायकामाणूस कसं ठेवणार? मुलीची परीक्षा राहिली, साल वाया गेलं. आता गावातल्या शाळेत परत सातवीतच बसवलंय. हे त्याने तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग मी सांगितलं. धुवण, खवलं, सोमवार, सगळं. सांगताना माझा आवाज चढला, कारण मला राग आला की माझा आवाज चढतो, आणि राग तर माझाच मला आला होता. त्याने एका ट्रकचा नंबर रजिस्टरात लिहून घेतला. मग म्हणाला, "मालूम था, चाची. रोज तो देखते थे. भाभीजी टोप लेकर आती थीं."

"अरे मग तेव्हाच बोलला का नाहीस!"

"मालकिन का नाम लेते? वो तो कसम खा चुकी थीं." त्याने रजिस्टर मिटलं. "और आपने पूछा कहाँ था? आपने तो बताया था."

तरी माझं तोंड चाललंच, सवय. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता मानकोलीला जाऊ. मी दादांपुढे पदर पसरते. चूक माझी आहे, खोली तुझी तुला मिळालीच पाहिजे. मी नाही मिळवून दिली तर बघ! मी त्याचा दंडच धरला होता.

त्याने हळूच हात सोडवून घेतला.

"उधर जो नया है ना, गनौरी, उससे बात होती है मेरी. एक ही एजन्सी है. पिछले हफ्ते उसकी भी घरवाली आ गई, दो बच्चों को लेके." मागे कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. लालमन गेटाचा आडवा दांडा उचलायला वळला, आणि वळता वळता अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "उसको क्या बोलके निकालेंगी, चाची?"